ताडपत्री उचलली कुणी?

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, गुलाबांना पाणी नंतर घाला. तो आपल्या शार्लट्सव्हिलकडचा बाईकवाला हो! केशरी-काळी मोटरसायकल, वर पांढरी ताडपत्री… हां, तोच. कॉलिन्स विरुद्ध व्हर्जिनिया. तुम्ही म्हणाल, जुनं झालं की ते. झालं असेल, पण आपल्या भिशीतल्या निम्म्या बायकांना अजून वाटतं की तो सुटला! बायकांचं कशाला, आमच्या ह्यांनाही तसंच वाटत होतं. "सुप्रीम कोर्टात आठ विरुद्ध एक जिंकला, म्हणजे सुटलाच," असं परवा जेवताना छाती काढून सांगत होते. मी म्हटलं, बरं. मग समोरच्या वकीलीणबाईंनी पुढची गोष्ट सांगितली तेव्हा ह्यांचा चेहरा… पण ते मागाहून सांगते, नाहीतर सगळी मजाच जाईल.

तर २०१३ सालातली गोष्ट. अल्बमार्ल काउंटीचा एक पोलीस रस्त्यावर उभा. केशरी-काळी बाईक, लांबच लांब फ्रेमची, नियम मोडून पुढून गेली. ह्याने थांबवायला बघितलं तर गडी पसार! मग काही आठवडे गेले. दुसऱ्या पोलिसाला तशीच बाईक दिसली, स्पीड लिमिटच्या कितीतरी वर, आणि त्याच्याही हातावर तुरी. आता दोन पोलिसांना एकाच माणसाने चकवल्यावर ते गप्प बसतील होय? दोन जावांनी सासूबद्दल बोलायला बसावं तसे दोघं बसले नि एकेक गोष्ट जुळवत गेले. रंग तोच, फ्रेम तशीच. आणखी खोदलं तर बाईक बहुतेक चोरीची, आणि आहे ह्या कॉलिन्सकडे, असं निघालं.

मग सापडला कसा? अहो, फेसबुक! फोटो टाकायची हौस मेली. फोटोत एक घर, घराचा ड्राइव्हवे, आणि ड्राइव्हवेच्या वरच्या टोकाला ती बाईक उभी. पोलिसाने घराचा पत्ता शोधून काढला, गाडी घेऊन तिथे गेला, रस्त्यावर लावली. बघतो तर ड्राइव्हवेत त्याच जागी, त्याच कोनात, पांढऱ्या ताडपत्रीखाली काहीतरी लांबडं उभं. वॉरंट? छे! पण थांबतोय कशाला? आधी फुटपाथवरून फोटो काढला, इथवर सगळं सभ्य. मग चालत ड्राइव्हवेच्या वरच्या टोकापर्यंत गेला नि ताडपत्री उचलली. नंबरप्लेट नि चेसिस नंबर, इथे विन म्हणतात तो, तपासला. चोरीचीच निघाली. तिचा फोटो काढला, आणि मग, हे ऐका, ताडपत्री पुन्हा जशीच्या तशी घातली नि खाली येऊन गाडीत बसून राहिला!

मला सगळ्यात नवल ह्याचंच वाटतं. गाडीत बसून वाट बघायला वेळ होता ना? मग तेवढ्या वेळात फोन करून वॉरंट मागवता आलं नसतं का? आमचे हे म्हणाले, "अगं, तोवर बाईक घेऊन पळाला असता तर?" मी म्हटलं, "अहो, पळायला तो घरी तर हवा! गेला होता कुठेतरी." ह्यांनी ताटातली कोशिंबीर ढवळली.

थोड्या वेळाने कॉलिन्स आला. पोलिसाने दार वाजवलं, ह्याने उघडलं नि बोलायला तयार झाला. बाईक माझीच, म्हणाला. विकत घेतली, पण टायटल नव्हतं. टायटल नाही म्हणजे आपल्याकडच्या भाषेत आरसी बुकच नाही! एवढं कबूल केल्यावर बेड्या पडणारच. आरोप मात्र चोरीचा नाही हं. चोरीचा माल घेतल्याचा. चोरली कुणी, हा प्रश्नच वेगळा.

माझे दीर आहेत ना पुण्याला, फौजदारी वकील, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, हे आमचं चारशे अकरा!" म्हणजे इंडियन पीनल कोडचं कलम. आता न्याय संहितेत ते तीनशे सतरात गेलंय, पण दिरांच्या तोंडातून अजून चारशे अकराच निघतं. वर म्हणाले, भारतात हा खटला एवढा चाललाच नसता. आपल्याकडे १९७४ मध्ये पूरणमलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, झडती बेकायदा झाली तरी तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. पूरणमलचा मामला इन्कम टॅक्सच्या धाडीचा होता, पण लागू सगळीकडे. म्हणजे बाईक चोरीची निघाली ना, मग ताडपत्री कुणी कशी उचलली ते विचारू नका! इथे मात्र नेमकं तेच विचारत खटला वॉशिंग्टनपर्यंत गेला.

तर काय सांगत होते… हां, अपील. कॉलिन्सच्या वकिलाचं म्हणणं साधं. पोलीस वॉरंटशिवाय घराच्या आवारात घुसला, तेव्हा त्याला तिथे जे दिसलं ते सगळं बाद करा. पुरावा बाद झाला की खटल्यात उरतं काय? खालच्या कोर्टाने ऐकलं नाही, शिक्षा दिली. मग अपील कोर्ट. ते म्हणालं, पोलिसाला संशयाला जागा होती आणि परिस्थितीच तातडीची होती, म्हणून झडती चालते. मग व्हर्जिनियाचं सुप्रीम कोर्ट, २०१६. ते म्हणालं, तातडीबितडीचं राहू द्या, ही गाडी आहे, आणि गाडीला वॉरंट लागतच नाही! आता बघा, शिक्षा तीच, पण कारण बदललं. आमची वकीलीणबाई डोळे मिचकावून म्हणाली, "निकाल कायम ठेवायचाच असला की कारणांना तोटा नसतो." मी तेव्हा हसले, पण हे वाक्य पुढे आणखी एकदा खरं होणार होतं, लक्षात ठेवा.

आता गाडीला वॉरंट का लागत नाही, तेही सांगते, कारण त्यामागे दारूची गोष्ट आहे. दारूबंदीचा काळ. १९२१ चा डिसेंबर, मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्स आणि डेट्रॉइटच्या मधला रस्ता. दारूबंदीच्या अधिकाऱ्यांनी कॅरोल नावाच्या माणसाची ओल्ड्समोबाईल गाडी अडवली. सीटच्या गादीत हात घातला तर आत बाटल्या! मोजल्या तर अडुसष्ट! व्हिस्की नि जिन. पुढे १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की गाडी वॉरंट येईपर्यंत जिल्ह्याबाहेर पोचेल, म्हणून पक्का संशय असला तर वॉरंटशिवाय झडती चालेल. निकाल लिहिला टाफ्टनी. हो, आधी राष्ट्राध्यक्ष होते तेच. राष्ट्राध्यक्षपद झाल्यावर सरन्यायाधीश झालेला दुसरा कुणी सांगा बघू! नाहीच.

तर त्या अडुसष्ट बाटल्यांपासून गाड्यांचा नियमच वेगळा झाला. आणि व्हर्जिनिया सरकार म्हणालं, नियम गाडीचा आहे, गाडी कुठेही उभी असू दे. रस्त्यावर असो, मॉलमध्ये असो, कुणाच्या ड्राइव्हवेत असो…

इथेच गंमत आहे. अहो, ड्राइव्हवे म्हणजे घर की रस्ता?

तुम्ही आपला ड्राइव्हवे बघा. खाली पोस्टमन येतो, डिलिव्हरीवाला येतो, शेजारच्यांची पोरं सायकली फिरवतात. तुमच्या दारापर्यंत यायची वाट सगळ्यांना मोकळी. पण तो वरचा भाग, जिथे आमच्या ह्यांची जुनी गाडी तीन वर्षं झाकून ठेवलेली आहे नि मी म्हणते विका आणि ते म्हणतात क्लासिक होईल… तो भाग कुणाचा? शार्लट्सव्हिलच्या त्या घराचा ड्राइव्हवे तसाच होता म्हणे. समोरच्या हिरवळीच्या कडेने वर जायचा, घराच्या पुढच्या भिंतीच्या रेषेपलीकडे काही यार्ड आत. वरच्या टोकाला दोन बाजूंना गाडीएवढ्या उंचीची विटांची भिंत, तिसऱ्या बाजूला खुद्द घर. आणि तिथूनच घरात जायला बाजूचं दार! पाहुण्याला पुढच्या दाराशी यायचं तर तो अर्ध्या वाटेतच वळून पायऱ्या चढेल, त्या कोपऱ्यापर्यंत जायचं त्याला काही कारणच नाही. कायद्यात ह्या घराभोवतीच्या जागेला घराचंच मानतात. वॉशिंग्टनच्याच सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये फ्लोरिडाच्या एका खटल्यात पोलिसाने ओसरीवर आणलेला वास घेणारा कुत्रासुद्धा झडती ठरवला होता. कुत्रा नुसता हुंगत होता हो, कुठे काही उचललं नव्हतं.

वॉशिंग्टनला ९ जानेवारी २०१८ ला युक्तिवाद, २९ मे ला निकाल. लिहिला कुणी? सोटोमायोरबाईंनी. मला ही बाई आवडते, सांगून ठेवते. त्यांनी लिहिलं, गाडीचा नियम गाडीपुरता. गाडीच्या नावाखाली पोलिसाला घराच्या आवारात शिरायची परवानगी मिळत नाही. खिडकीतून घरातली चोरीची वस्तू दिसली म्हणून वॉरंटशिवाय आत घुसता येतं का? नाही ना? मग बाईक दिसली म्हणूनही नाही.

आणि सरकारी वकिलाची फजिती ऐका. सरकारचा दुसरा पवित्रा होता की बरं, गाडी बंद गॅरेजमध्ये असेल तर नियम लागू करू नका, पण उघड्यावर असेल तर करा. म्हणजे रेष कशी स्वच्छ! बाई म्हणाल्या, वा, म्हणजे ज्याच्याकडे गॅरेजवालं घर घ्यायला पैसे आहेत त्याला घटनेचं संरक्षण, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला नाही? ब्राँक्सच्या सरकारी वसाहतीत वाढलेली बाई ती! तिला हे नाही सुचणार तर कुणाला? आमच्या ह्यांनी नेमकं हेच वाचताना मान डोलावली, आणि मी म्हटलं, "बघा, तुमची गाडीही गॅरेजबाहेर आहे." लगेच म्हणाले, "म्हणून तर विकत नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे." काय बोलायचं!

आठ जणांनी होकार भरला. एकटे अलिटो विरुद्ध. त्यांनी तर चार्ल्स डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या बंबलला साक्षीला बोलावलं, ज्याने कायद्याला पार अकलेचा खंदक ठरवलं होतं. त्यांचं म्हणणं, रस्त्याच्या कडेला बाईक असती तर झडती बिनबोभाट चालली असती. इथे पोलीस ड्राइव्हवेवर तीसेक फूट चालला. काही मोडलं नाही, जाता जाता रस्त्यावरून दिसलं नसतं असं काही पाहिलंही नाही. मग एवढा गहजब कशाला? खरं सांगू का, हे वाचून मी जरा गप्प झाले. तीस फूट म्हणजे इथून तुमच्या त्या हायड्रेंजियापर्यंत. पण मग मला आठवलं, आपल्या लेकीच्या बेडरूमची खिडकी तिथेच आहे. तीस फूट कमी असतात का हो?

न्यायमूर्ती थॉमस मात्र हुशार. मत बाईंच्याच बाजूने दिलं, आणि वर वेगळं लिहून ठेवलं की पुरावा बाद करायचा हा नियम राज्यांवर लादायचा अधिकार ह्या कोर्टाला आहे तरी का, ह्याचीच मला शंका आहे. म्हणजे जेवायचं आणि जेवणाला नावंही ठेवायची.

हा पुरावा बाद करायचा नियम राज्यांना लागू झाला तो १९६१ मध्ये, मॅपबाईच्या खटल्यात. ती गोष्ट तुम्हाला माहीत नाही? अगंबाई! क्लीव्हलंड, १९५७. बॉम्बच्या प्रकरणातल्या कुणालातरी शोधत पोलीस दार मोडून आत शिरले. मॅपबाई म्हणाल्या, वॉरंट दाखवा. एकाने कागद फडकवला. बाईंनी तो हिसकावला आणि सरळ ब्लाउजमध्ये खुपसला! झटापट झाली, पोलिसांनी तो परत काढला. खटल्याच्या वेळी वॉरंटचा पत्ताच नाही. घरात सापडली ती अश्लील पुस्तकं, आणि त्याचाच खटला. सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने शिक्षा उडवली. पण पुढे ऐका. न्यूयॉर्कला राहायला गेल्यावर चोरीच्या मालाच्या तपासात पोलीस पुन्हा तिच्या घरी, आणि आत सापडलं हेरॉइन. १९७१ मध्ये शिक्षा झाली. ह्या वेळी पोलिसांनी वॉरंट आणलं होतं हो! बाई खचितच चिडली असणार.

तर काय सांगत होते… हां, तर आमचे हे इथवर ऐकून अगदी खूष. "बघ, सोटोमायोर, आठ विरुद्ध एक, पोरगा सुटला." वकीलीणबाई समोर बसलेल्या, सोलकढीचा पेला हातात. त्यांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "काका, वॉशिंग्टनने सोडलं असं कुठे म्हटलं?" हे म्हणाले, "म्हणजे?" त्या म्हणाल्या, "गाडीच्या नियमाने ही झडती चालत नाही, एवढंच म्हटलं. दुसरं एखादं कारण असेल तर बघा, म्हणून खटला परत रिचमंडला पाठवला."

आणि रिचमंडने बघितलं! २०१९ मध्ये व्हर्जिनियाच्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा पुन्हा कायम केली. कारण तिसरंच! आधी तातडी, मग गाडी, आता पोलिसाचा शुद्ध हेतू. म्हणे, २०१३ मध्ये त्या पोलिसाला कसं कळावं की गाडीचा नियम घराच्या आवारात लागू होत नाही? वॉशिंग्टनवाल्यांनीच ते २०१८ मध्ये सांगितलं. पुरावा बाद करायचा तो पोलिसांना धडा शिकवायला. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे वागलेल्या पोलिसाला कसला धडा शिकवणार? तेव्हा पुरावा राहू दे, शिक्षा राहू दे.

ह्यांचा चेहरा! अहो, कोशिंबिरीतली काकडी चमच्यावरच राहिली. "म्हणजे जिंकून हरला?" एवढंच बोलले. जावई मोठ्याने हसले, आणि लेकीने त्यांना टेबलाखालून लाथ मारली ती मला बरोबर दिसली. मला वाटतं ह्यांना कॉलिन्सची फारशी दया आली नसावी. आपली गाडी गॅरेजबाहेर आहे आणि तत्त्व टिकलं, पण तत्त्व ज्याच्या नावाने टिकलं तोच आत, ह्याची चुटपुट लागली. वकीलीणबाई म्हणाल्या, "पण काका, आता पुढच्या पोलिसाला ती सबब नाही चालणार. २०१८ नंतर कुणी तुमच्या ड्राइव्हवेत वर येऊन ताडपत्री उचलली, तर 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही." ह्यांचा चेहरा जरा सुधारला. खिडकीतून गाडीकडे बघून आले मात्र.

दिरांना मी तिसरं कारणही कळवलं. त्यांचा लगेच थम्स अप, आणि खाली, "वहिनी, एवढं फिरून आमच्या पूरणमलपाशीच आले की!" अगदीच तसं नाही, वकीलीणबाई म्हणतात, इथे नियम शाबूत आहे, ह्या एका पोलिसापुरती सूट. पण दीर ऐकतील तर ना.

आता एक राहिलं. तुमच्या लक्षात आलं असेल, मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. ते घर त्याचं नव्हतंच! तिथे त्याची गर्लफ्रेंड राहायची. हा आठवड्यातून काही रात्री मुक्कामाला असायचा. हो, लग्नबिग्न काही नाही, पण कोर्टाला त्याचं काही नाही. रात्री मुक्कामाला असलेल्या पाहुण्यालाही घराच्या खाजगीपणाचा हक्क, असं १९९० मधल्याच एका निकालात आहे, आणि सरकारी वकिलांनी त्यावर वाद घातलाच नाही. म्हणजे घर तिचं, ड्राइव्हवे तिचा, विटांची भिंत तिची, झडती तिच्या अंगणाची, नाव मात्र खटल्याला त्याचं. निकालात ती येते ती 'गर्लफ्रेंड' म्हणून, एवढीच.

मी वकीलीणबाईंकडून मागून घेऊन वॉशिंग्टनचा निकाल वाचला, अलिटोंच्या विरोधासकट. एवढे शहाणे लोक, कुत्रे, गॅरेज, डिकन्स सगळं आलं. पण "अगं बाई, ही बाईक त्याने कुठून आणलीन, तुला माहीत होतं का?" हा प्रश्न कुठे सापडेल तर शपथ. आपल्या भिशीत पहिला तोच निघाला होता.